गडू आणि बाटली

आमच्या देवघरात बाळकृष्णाच्या मागच्या कोनाड्यात तांब्याचा एक गडू असे. तोंड झाळून बंद केलेलं. आजोबांच्याही आधीच्या पिढीतलं कुणीतरी काशीला जाऊन आलं होतं, गावाला मावंदं घातलं होतं, आणि त्या सगळ्या यात्रेतली एवढी एकच वस्तू घरात उरली होती. दिवाळीच्या आधी देवांची उपकरणी चिंच लावून घासायला काढत, तेव्हा गडूही निघे. घासून झाला की काकू तो कानाशी नेऊन हलकेच हलवायची. आत पाणी डुचमळलं की, "आहे गं बाई," म्हणून पुन्हा कोनाड्यात.

आजी गेली त्या दुपारी तो उघडला. झाळ काढायला कुणी मिळेना, म्हणून काकांनी खिळा आणि हातोडी घेऊन तोंडाला भोक पाडलं. पळीभर पाणी, वर तुळशीचं पान. नंतर मोठी माणसं बाहेर गेल्यावर आम्ही मुलांनी उरलेलं पाणी वाटीत ओतून पाहिलं. निवळ होतं. तांब्याचा वास येत होता. "एवढी वर्षं झाली, पण किडा नाही पडला," असं त्या दिवशी घरात निदान चार जणांनी एकमेकांना सांगितलं.

पुढे कितीतरी वर्षांनी काशीला तुळशीघाटावर सकाळी बसलो होतो. खालच्या पायऱ्यांवर पंचविशीचा एक मुलगा गुडघाभर पाण्यात उतरला. हातात काचेची बाटली, बुचावर कागद गुंडाळून दोऱ्यानं बांधलेला. त्यानं बूच काढलं, पण खाली कुठे ठेवलं नाही. डाव्या हातात उलटं धरून ठेवलं. बाटली वीतभर खोल बुडवली, तिचं तोंड प्रवाहाच्या समोर धरलं, म्हणजे स्वतःच्या हाताला लागून आलेलं पाणी आत जाणार नाही. भरली, पण काठोकाठ नाही. वर दोन बोटं जागा सोडली. बूच लावलं, चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ स्नान करून अर्घ्य देत होते. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि आपलं अर्घ्य पुरं केलं.

एकाच पाण्याची ही दोन भांडी. एक माणूस मरेपर्यंत उघडायचं नाही, आणि दुसरं काही तासांत उघडलं नाही तर त्याचा उपयोग नाही. प्रस्तुत पुस्तक बाटलीवाल्यांचं आहे. ते लिहिणारे काशीत नदीसाठी पदरचा वेळ घालणारे लोक आहेत: विद्यार्थी, मास्तर, नावाडी, निवृत्त कारकून, आणि दोन-चार बाहेरगावचे, जे आठ दिवसांसाठी आले आणि राहून गेले. मी गडूवाल्यांतला. प्रस्तावनेचं काम माझ्याकडे का आलं, याचा विचार केला तेव्हा हेच कारण दिसलं. मराठी वाचक बहुतेक गडूवालाच असतो.

आपली आणि त्या पाण्याची ओळख जुनी आहे. संत एकनाथांनी रामेश्वरासाठी निघालेली कावड वाटेत तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. आणि ज्या भागवतामुळे नाथ नाथ झाले ते त्यांनी १५७३ मध्ये काशीतच पुरं केलं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, लुटले गेले, आणि तरीही गंगेची कावड घेऊनच घरी परतले. त्या पाण्यानं आईवडिलांना स्नान घातलं तेव्हा कुठे त्यांचा प्रवास संपला. गंमत अशी की काशीतलं पाणी काशीबाहेर नेऊ नये, असं सांगणारे लोक खुद्द काशीत भेटतात. आपल्या यात्रेकरूंनी ते कधी फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.

पाणी नेलं, तसा दगड दिला. पेशवे, होळकर, शिंदे, नागपूरकर भोसले यांनी या काठावर जे बांधलं ते वगळलं तर घाटांच्या रांगेला मोठमोठी भगदाडं पडतील. दशाश्वमेधाची बांधणी पेशवाईतली. मणिकर्णिकेवर अहिल्याबाई. शिंदे घाट बायजाबाईंचा, तो तर आपल्याच वजनानं नदीत खचला. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत आजही दारावर मराठी आडनावं दिसतात. तुळशीघाटाला लागून असलेल्या भदैनीत मोरोपंत तांब्यांची मुलगी जन्मली, ती पुढे झाशीची राणी झाली. त्याच भदैनीला शहराचं पिण्याचं पाणी नदीतून उपसतात, आणि तिथून थोडं वर, म्हणजे प्रवाहाच्या अलीकडे, अस्सीचा नाला गंगेला मिळतो. हा क्रम ध्यानात ठेवावा. पुस्तकात तो पुन्हा पुन्हा येतो.

वरुणा आणि अस्सी या दोन नद्यांच्या मधली ती वाराणसी, असं नावाचं स्पष्टीकरण देतात. त्यांतली अस्सी आता नकाशावर नाला म्हणून दाखवतात. ऐंशीच्या दशकात तिचं तोंड वळवून दक्षिणेला नगव्याकडे नेलं. नदीचा नाला झाला, मग नाल्याची जागाही बदलली, आणि जुन्या मुखाशी अस्सी घाटावर गाळाचे ढीग साचू लागले. इथे गंगा उत्तरेकडे वळते. अस्सीपासून राजघाटाच्या पुलापर्यंत साधारण सात किलोमीटरची कमान, घाट सगळे डाव्या काठाला, समोर नुसती वाळू. शहर उंच कड्यावर, नदी खाली. उतार असा की घाटाकडच्या वस्तीत जे मोरीत पडतं ते आपसूक गंगेकडे जातं. ते अडवायचं तर घाटाशी गोळा करून पंपानं पुन्हा वर चढवावं लागतं. काशीतल्या गंगेचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांतला सगळा पैसा याच चढावर खर्ची पडला आहे.

हे दुखणं इंग्रजांच्या काळातच लोकांच्या लक्षात आलं होतं. १८८६ मध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांनी 'काशी गंगा प्रसादिनी सभा' काढली, वर्गणी जमवली, आणि गटारं गंगेत जाऊ नयेत म्हणून सरकारदरबारी खटपट केली. केंद्र सरकारची गंगा कृती योजना आली ती बरोबर शंभर वर्षांनी. स्वयंसेवक म्हटलं की आजकाल टोपी, टी-शर्ट आणि बॅनर डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे या घराण्याचा मूळ पुरुष पागोटं घातलेला होता हे सांगून ठेवतो.

आता वीरभद्र मिश्र. त्यांच्याशिवाय हे पुस्तक झालं नसतं, आणि त्यांच्याविषयी जरा ऐसपैस लिहिल्याशिवाय ही प्रस्तावनाही व्हायची नाही. संकटमोचन मंदिराचे महंत. वडील गेले तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. त्या वयात गादीवर बसले. तुलसीदासांची परंपरा सांगणारी गादी, राहायला तुळशीघाटावरचं घर, रोज पहाटे गंगास्नान. अशा मुलानं संस्कृत शिकावं, कथा सांगावी, एवढीच अपेक्षा. हा मुलगा काशी हिंदू विश्वविद्यालयात अभियंता झाला, पुढे तिथेच स्थापत्य विभागाचा प्रमुख झाला, आणि विषय कोणता, तर द्रवगतिकी. पाणी कसं वाहतं, हा. सकाळी धोतर नेसून पाण्यात बुडी, दुपारी त्याच पाण्याचा वेग फळ्यावर. १९८२ मध्ये अभियांत्रिकीतलेच दोन सहकारी बरोबर घेऊन त्यांनी संकटमोचन फाउंडेशन काढलं आणि स्वच्छ गंगा अभियान सुरू केलं. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं त्यांना गौरवलं, १९९९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं. पण काशीत लोक त्यांना शेवटपर्यंत महंतजीच म्हणत. १३ मार्च २०१३ ला ते गेले. गादी आणि अभियान दोन्ही आता त्यांचे चिरंजीव विश्वंभरनाथ मिश्र पाहतात. तेही प्राध्यापकच, इलेक्ट्रॉनिक्सचे.

या माणसाची अडचण आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल, कारण तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे: सोवळं. आठवून बघा. खुंटीवरचा कद किंवा मुकटा महिनोन्महिने धुतलेला नसे, त्याला तुपाचा, धुराचा, घामाचा वास येई, पण तो सोवळ्यात. साबणानं धुऊन इस्त्री केलेला सदरा मात्र ओवळा. सोवळं आणि स्वच्छ या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत आणि आजीच्या पिढीला त्या एकाच वेळी वापरताना काही अडत नसे. काशीत गंगेचं हेच आहे. ती मळेल, पण बाटणार नाही. जी सगळ्या जगाचं पाप धुते तिला नाल्याचं काय? तेव्हा कुणा भाविकाला तुम्ही सांगितलंत की गंगा प्रदूषित झाली आहे, तर तो रागावतो, आणि त्याच्या दृष्टीनं बरोबरच रागावतो; आईला शिवी दिल्यासारखं ते आहे. महंतजींनी ही गोष्ट फार लवकर ओळखली. ते सांगत ते वेगळं: आईच्या अंगावर घाण टाकली जाते आहे, आपण बघत बसायचं का? नदीविषयी काहीच वाईट बोलायचं नाही, बोलायचं ते आपल्याविषयी. पुस्तकातले कितीतरी स्वयंसेवक दारोदार हिंडताना हाच धडा नव्यानं शिकलेले दिसतील. एकीनं लिहिलं आहे की पहिल्या वर्षी ती आकडे सांगायची आणि दारं बंद व्हायची; दुसऱ्या वर्षी तिनं आधी पाणी मागून प्यायला सुरुवात केली.

१४ जून १९८६ ला राजीव गांधींनी गंगा कृती योजनेचं उद्‌घाटन केलं ते काशीतच, राजेंद्रप्रसाद घाटावर. घाटांवर पंपांची ठाणी उभी राहिली. हरिश्चंद्र घाटापासून त्रिलोचनापर्यंत ते जाड गोल मनोरे आजही दिसतात, आणि परदेशी पाहुण्यांना ते एखाद्या जुन्या किल्ल्याचे बुरूज वाटतात. नाल्यांचं पाणी तिथे गोळा करायचं, वर चढवायचं, कोनियाच्या मोठ्या पंपघराकडे न्यायचं आणि तिथून वरुणेपलीकडे दीनापूरला, रोज आठ कोटी लिटर शुद्ध करणाऱ्या केंद्रात. कागदावर उत्तम. पण पंपाला वीज लागते, आणि त्या काळात शहराची वीज कधी जाईल याचा नेम नसे. वीज गेली की नाला आपल्या जुन्या वाटेनं नदीत. पावसाळ्यात पूर आला की पंपांच्या विहिरी बुडतात, म्हणजे ज्या महिन्यांत शहराचं सगळं पाणी वाहून येतं त्याच महिन्यांत यंत्रणा बंद. इथल्या पुराची कल्पना नसलेल्यांसाठी सांगतो: काशीत धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे, आणि १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं. तिसरी गोष्ट, आणि महंतजींचा खरा आक्षेप हा होता: दीनापूरची पद्धत पाण्यातला सेंद्रिय मळ कमी करते, पण विष्ठेतून येणारे जंतू मारण्यासाठी ती मुळात नाहीच. जो देश नदीत बुडी मारून ओंजळभर पाणी तोंडात घेतो त्याला नेमक्या जंतूंपासून संरक्षण हवं, आणि तेवढंच या योजनेत नव्हतं.

त्यांनी पर्याय मांडला तोही पाण्याचा वेग शिकवणाऱ्या माणसाला शोभेल असा. पंप नकोतच. घाटांच्या पायथ्याशी एक जलरोधक मोठी वाहिनी टाकायची, उताराचा फायदा घेऊन पाणी आपोआप शहराच्या खालच्या अंगाला न्यायचं, आणि तिथे एकामागून एक खोल तळ्यांत मुरवत ठेवायचं. शेवाळ प्राणवायू देईल, ऊन आणि वेळ जंतू मारतील. अमेरिकेतल्या बर्कलीचे विल्यम ओस्वाल्ड यांची ही पद्धत. ते स्वतः काशीला येऊन गेले. महापालिकेनं योजना उचलून धरली, राज्य सरकारनं धरली नाही, फायली दिल्लीला गेल्या, परत आल्या. पंचवीस-तीस वर्षं हे चाललं. पुस्तकात या पत्रव्यवहारावर एक लांबलचक प्रकरण आहे. ते कंटाळवाणं आहे आणि ते तसंच ठेवलं याबद्दल मी संपादकांचा आभारी आहे. नदीसाठी काम करणं म्हणजे ऐंशी टक्के काय असतं ते त्यातून कळतं.

या सगळ्यात अभियानाचं सर्वांत टिकाऊ काम तुळशीघाटावरची एक लहान प्रयोगशाळा ठरली. १९९३ पासून ती पाण्याची तपासणी करते आहे. मी पाहिलेली बाटली अशाच कामाची होती. अशा बाटलीतलं पाणी पुढे कुठे जातं ते सांगायला हवं, कारण 'कॉलिफॉर्म' हा शब्द वर्तमानपत्रांत वाचून वाचून गुळगुळीत झाला आहे. काचेच्या नळ्यांची एक घोडी असते. प्रत्येक नळीत रस, त्यात दुधातली साखर घातलेली, आणि प्रत्येक मोठ्या नळीच्या आत एक चिमुकली नळी उलटी बुडवलेली. काही नळ्यांत नदीचं पाणी दहा मिलिलिटर टाकतात, काहींत एक, काहींत त्याचा दहावा भाग, आणि पाणी फारच वाईट असेल तर आणखी पातळ करत करत पुढे. मग घोडी उबेत ठेवतात. विष्ठेतले जंतू ओळखायचे तर साडेचव्वेचाळीस अंशांवर, चोवीस तास. माणसाच्या आतड्याची सवय असलेले जंतू त्या गरमीत जगतात, साखर खातात आणि वायू सोडतात. दुसऱ्या दिवशी नळी उजेडात धरायची. उलट्या नळीच्या माथ्याशी बुडबुडा अडकलेला दिसला की समजायचं, आहेत. किती नळ्यांत बुडबुडे आले ते मोजून तक्त्यात पाहायचं. शंभर मिलिलिटरला बहुधा किती, तो आकडा मिळतो. एवढंच. त्यात काही दिव्य नाही, पण चुकीला जागा मात्र आहे: बूच जमिनीवर ठेवलं, डब्यातला बर्फ वितळला, दुपारी चहाला अर्धा तास जास्त लागला, तर आकडा गेला.

स्नानाच्या पाण्यात असे जंतू शंभर मिलिलिटरला पाचशेच्या आत असावेत, फार तर अडीच हजार, असं आपल्याकडचं मानक सांगतं. फाउंडेशनच्या मोजणीत जानेवारी २०१६ मध्ये नगव्याशी, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला, साडेचार लाख आले आणि वरुणेच्या संगमाशी पाच कोटी वीस लाख. फेब्रुवारी २०१९ चे आकडे आणखी वर: तीन कोटी ऐंशी लाख आणि चौदा कोटी चाळीस लाख. तोवर केंद्र सरकारचं 'नमामि गंगे' आलेलं होतं, वीस हजार कोटींचं. २०१८ च्या नोव्हेंबरात दीनापूरलाच चौदा कोटी लिटरचं नवं केंद्रही सुरू झालं होतं. सरकारी आकडे बरेच सौम्य असतात. नमुना कुठून घ्यायचा, नाल्याच्या तोंडाशी की नदीच्या मध्याशी, यावर दोन्ही बाजूंनी वाद होतो, आणि तो वाद खोटा नाही. त्या दोन ठिकाणांच्या पाण्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. माझं म्हणणं इतकंच की भाविक मध्यधारेत नाही, काठाशी बुडी मारतो. आणि दुसरं असं की वाद घालायला आपल्यापाशी पंचवीसहून जास्त वर्षांची वही आहे म्हणून वाद तरी होतो. मुळा-मुठेच्या, इंद्रायणीच्या किंवा कोल्हापूरच्या पंचगंगेच्या बाबतीत घाटाशेजारी राहणाऱ्या कुणापाशी अशी वही असती, तर फेसाचे फोटो छापून आपण थांबलो नसतो. नाशकात गोदावरीसाठी लोक उच्च न्यायालयापर्यंत गेले, पुण्यात 'जीवितनदी'वाले मुठेचा आणि मुळेचा एकेक तुकडा दत्तक घेऊन दर आठवड्याला तिथे जातात; त्यांना या पुस्तकातल्या नोंदी ओळखीच्या वाटतील.

घाट झाडणाऱ्या स्वयंसेवकांविषयी माझं मत थोडं कडवट होतं, ते काशीत आल्यावर निम्मं बदललं. निम्मं म्हणतो, कारण ८ नोव्हेंबर २०१४ ला पंतप्रधानांनी अस्सी घाटावर फावडं मारल्यानंतर काही महिने इथे झाडू घेऊन फोटो काढायला येणाऱ्यांची जी रीघ लागली, तिच्याविषयी नावाडी अजून हसून बोलतात. पण अस्सीचा गाळ खरोखरच निघाला, हेही तेच नावाडी सांगतात. आणि दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, नागालँडची तेमसुतुला इमसाँग ही तरुणी मोजक्या सोबत्यांना घेऊन प्रभुघाटावर उतरली. तो घाट म्हणजे उघडं शौचकूप होतं. ते सगळं फावड्यानं उचललं, पाण्यानं पायऱ्या धुतल्या, आणि ज्यांना सकाळी तिथे बसायची सवय होती त्यांच्याशी रोज वाद घातला. धुतलेला घाट आठ दिवसांत पुन्हा घाण होतो; तो धुणारा माणूस नवव्या दिवशी येतो की नाही, त्यावर सगळं ठरतं. निर्माल्य आणि प्लास्टिक हा नदीच्या दुखण्याचा लहानसा भाग आहे, हे मी अजूनही म्हणेन. पण बाटलीवाला जे मोजतो ते डोळ्याला दिसत नाही, आणि लोक डोळ्याला दिसतं त्यावरून नदीकडे यायला लागतात.

कासवांची हकिगत वाचताना मात्र हसावं की रडावं कळत नाही. अर्धवट जळालेली प्रेतं नदीत सोडली जातात, ती खाण्यासाठी मांसाहारी कासवं सोडावीत, ही कृती योजनेतली कल्पना. चंबळेतून अंडी आणायची, सारनाथला उबवायची, पिल्लं मोठी करून गंगेत सोडायची. १९८९ मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटाच्या पुलापर्यंत सात किलोमीटरचं कासवांचं अभयारण्य जाहीर झालं. देशातलं पहिलं, ऐन शहरातलं. त्यामुळे समोरच्या तीरावरचा वाळूउपसा थांबला आणि वाळूवर पोट असलेले नावाडी चिडले. कासवं किती उरली, कुठे गेली, यावर काशीत चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलता येतं. दिसत मात्र ती फार कुणाला नसत. २०२० मध्ये अभयारण्य रद्द झालं, नदीतून मालवाहू जहाजं न्यायची होती. एका नावाड्यानं पुस्तकासाठी जे सांगितलं आहे त्यात तक्रार अशी की आमची वाळू बंद केली तेव्हा कासवं महत्त्वाची होती, जहाज आलं तेव्हा नव्हती. मी हे वाक्य वाचून पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

या पुस्तकात मल्लाहांना, म्हणजे नावाड्यांना, जी जागा मिळाली आहे ती इतरत्र क्वचित मिळते. पाणी कोणत्या तासाला काळं येतं, कोणत्या नाल्याला रात्री फेस असतो, हे वल्ह्याला सर्वांत आधी कळतं. प्रयोगशाळेतल्या मुलांनी नमुन्याच्या जागा ठरवताना त्यांना विचारलं, आणि विचारून बदलल्याही.

कार्तिकात तुळशीघाटावर नागनथैया होतो. तुलसीदासांच्या आखाड्याची लीला, महंतांच्या देखरेखीखाली. कदंबाची फांदी घाटावर उभी करतात, एक पोरगा कृष्ण होऊन तिच्यावर चढतो, चेंडूच्या निमित्तानं भर गंगेत उडी घेतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो. नदी त्या क्षणापुरती यमुना होते. घाटावर मुंगीला वाट नाही, नावांचे काठ एकमेकांना लागलेले, काशीनरेश आपल्या नावेतून पाहतात. सगळं चार-पाच मिनिटांत आटोपतं. कालिया म्हणजे नदीचं पाणी विषारी करणारा. ही लीला शेकडो वर्षं जिथे होते त्या पायऱ्यांच्या किंचित वर नाला नदीत पडतो, आणि त्या पायऱ्यांवरच्या घरात नळ्यांची घोडी आहे. महंतजींनी ही दोन्ही कामं एकाच घरातून चालवली. त्यांतलं एक खरं आणि दुसरं सोंग असं त्यांना वाटल्याचं कुठे दिसत नाही.

वाचकाला एक सूचना. पुस्तकाच्या शेवटी तक्ते आहेत, बरीच पानं. तारीख, वेळ, घाट, आकडा. ते सोडून देऊ नयेत. काही तारखांपुढे रकाना रिकामा आहे. पूर होता, संप होता, कुणाचं तरी लग्न होतं, कुणी गेलं होतं. त्या रिकाम्या जागा संपादकांनी भरून काढल्या नाहीत. शेजारी पेन्सिलीनं लिहिलेली कारणंही तशीच छापली आहेत. एका पानावर नुसतं 'आज पाणी चांगलं दिसत होतं' एवढं आहे, आणि पुढचा आकडा सहा अंकी.

आणि गंगेचं पाणी बिघडत नाही म्हणणारे ज्याचा दाखला देतात तो १८९६ चा हँकिन. आग्र्याला असलेल्या या इंग्रज शास्त्रज्ञानं गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू टिकत नाहीत असं दाखवलं, आणि पाणी उकळलं की तो गुण जातो हेही. काशीत प्रत्येक स्वयंसेवकाला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हे ऐकवतं. हँकिन खोटा नव्हता. पण त्यानं पाहिलेलं शहर आणि आजचं शहर यांत किती घरांच्या मोऱ्यांचा फरक आहे, एवढं मनात धरावं.

मी निघालो त्या दिवशी काकूचा फोन आला. काकू आता नव्वदीला टेकली आहे. म्हणाली, येतोस तसा एक गडू आण. ठठेरी बाजारातून तांब्याचा घेतला. नावाड्यानं नाव मध्यधारेत नेली, माझ्या हातातून गडू घेतला, तीनदा विसळून भरला. बाजारातल्या म्हाताऱ्यानं तोंड झाळून दिलं आणि उलटा करून, हलवून दाखवलं. थेंब गळला नाही. तुळशीघाटावरचा तो मुलगा वाटेत भेटला तेव्हा गडू माझ्या पिशवीत होता. त्यानं विचारलं असतं तर काढून दाखवला असता. त्यानं विचारलं नाही, आणि मीही त्याला आदल्या दिवशीचा आकडा विचारला नाही. गडू आता कोनाड्यात आहे. दिवाळीला काकूनं तो कानाशी नेऊन हलवला.